कायमची दुसरी पाळी

"एकशे बारा माणसं आणि एकशे अकरा पाळ्या," वाळवेकर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "शेटे, एक माणूस कुठे गेला?"

मी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. खाली लाल अक्षरात ओळ उमटली होती : एका कर्मचाऱ्याला वेळापत्रक नेमलेलं नाही. मी त्या ओळीवर टिचकी मारली आणि नाव उघडलं. बाबर सुखदेव रामचंद्र, विभाग बॉयलर.

"गेला नाही साहेब, आहे. पण तो कुठल्याच गटात बसत नाहीये."

"बसत नाही म्हणजे? माणूस आहे की कपाट?" असं म्हणून साहेब निघून गेले. जाता जाता म्हणाले, "सोमवारपासून सगळं यंत्रावर. लक्षात आहे ना?"

लक्षात कसं नसेल? महिनाभर मी दुसरं काहीच करत नव्हते. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मिरजेहून येऊन दूध संघाच्या कार्यालयात लागून आठ महिने झाले होते. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मीच एकटी, म्हणून पुण्याहून आणलेलं ते नवं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. हजेरी, रजा, पाळ्या, सगळं त्यात भरायचं. तोवर हे काम खिलारे तात्या करत. टाइमकीपर म्हणून त्यांनी तीस वर्षं हिरव्या रेघांच्या लांबरुंद रजिस्टरात हातानं पाळ्या लावल्या होत्या. जूनअखेर ते निवृत्त होणार होते.

पाळ्या तीन. पहिली सकाळी सहा ते दुपारी दोन, दुसरी दोन ते रात्री दहा, तिसरी दहा ते सकाळी सहा. दर आठवड्याला माणूस पहिलीवरून दुसरीला, दुसरीवरून तिसरीला सरकतो. ऐकायला सोपं. पण यंत्राला समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला. तिसरी पाळी एका तारखेला सुरू होते आणि दुसऱ्या तारखेला संपते, हे त्याला पटेचना. ते दाखवी की माणसं कामावर येण्याआधीच घरी गेली. पुण्याच्या बाईंना फोन केला की त्या म्हणत, "मॅडम, दिवस बदलण्याची वेळ सेट करा." दिवस कधी बदलतो हे मला कुणी विचारेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. शेवटी तेही जमलं. राहिला सुखदेव बाबर.

मी तात्यांचं रजिस्टर पुढे ओढलं. बाबरच्या ओळीत दोन, दोन, दोन. पुढच्या पानावर दोन. गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं, त्याच्या आधीचं काढलं. सगळ्यांच्या ओळी एक-दोन-तीन अशा हलत होत्या आणि ही एकच ओळ जागच्या जागी उभी. नऊ वर्षं तो माणूस फक्त दुसऱ्या पाळीला येत होता.

ही मेहेरबानी म्हणावी तर दुसरी पाळी कुणालाच नको असते. संध्याकाळ जाते, घरचं जेवण जातं, लग्नकार्य जातं. शिक्षा म्हणावी तर नऊ वर्षं शिक्षा कोण भोगतं, तीही तक्रार न करता?

"तात्या," मी त्यांच्या टेबलाशी गेले, "या बाबरचं काय करायचं?"

तात्या चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. "त्याला दुसरीच ठेव."

"कायमची?"

"व्हय."

"का?"

"का म्हंजे? पहिल्यापासनं तशीच हाय."

"तसं चालत नाही तात्या. एखाद्याला फिरत्या पाळीतून वगळायचं तर यंत्र कारण मागतं. ही बघा यादी. वैद्यकीय, शिक्षण, गरोदरपण, इतर."

तात्यांनी चष्मा लावून वाकून यादी वाचली. "गरोदरपण लिही," म्हणाले आणि स्वतःच जरासे हसले. मग हसू आवरलं. "यातलं काय न्हाई, हेमा. कारण सांगायला लागलं तर लई मागं जावं लागंल. तू आपली दुसरी लाव."

मला राग आला. महिनाभर यंत्राशी झगडून मी एकशे अकरा माणसं बसवली होती आणि एका माणसासाठी तात्या मला कोडं घालत होते.

दुपारी पाळी बदलताना मी सुखदेवलाच गाठलं. पंचेचाळिशीचा, उंच, खांदे पुढे आलेले, अंगाला कोळशाचा वास. तो माझ्यासमोर बसायलाच तयार होईना.

"तुम्हाला नेहमी दुसरी पाळी का असते?"

"तात्यांनी लावलीय."

"तुम्ही मागून घेतलीत का?"

तो दाराकडे बघत राहिला. "तात्या काय म्हणाले?"

"ते काही सांगत नाहीत. तुम्ही सांगा. तुम्हाला ती हवी आहे की नको आहे? तेवढंच सांगा."

साधा प्रश्न होता. हवी किंवा नको. पण त्याच्या चेहऱ्यावर असा गोंधळ उतरला की जणू मी अनोळखी भाषेत विचारलंय. मग म्हणाला, "तात्या लावतील तशी," आणि गेला.

बॉयलरवरच्या इतरांना विचारलं तर एकानं आभाळाकडे बघितलं, दुसरा म्हणाला, "मॅडम, ते तात्यांना विचारा." सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि मी मिरजेची, कार्यालयातली, मला ते कळू नये असं जणू त्यांनी ठरवलं होतं.

शनिवारी साहेबांनी पुन्हा विचारलं. मी खरं ते सांगितलं, कारण सापडत नाही.

"मग कारणच नसेल," ते म्हणाले. "सगळ्यांना जे, ते त्याला. टाक चक्रात."

मी बाबरला तिसऱ्या गटात टाकलं. लाल ओळ गेली. एकशे बारा माणसं, एकशे बारा पाळ्या. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा मागवला. मग यादी छापून फाटकाजवळच्या फळ्यावर लावली. त्या गटाचा पहिला आठवडा सकाळच्या पाळीचा होता.

तात्या घरी जाताना फळ्यापाशी थांबले. बोट फिरवत खाली आले आणि एका ठिकाणी बोट थांबलं. मी खिडकीतून बघत होते. ते परत आत आले.

"हे लावायच्या आधी मला दाखवायचं होतंस," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. सोमवारी ते आले नाहीत. तीस वर्षांत त्यांनी न सांगता रजा घेतल्याची ती पहिलीच वेळ, असं शिपाई म्हणाला.

सुखदेव मात्र सोमवारी सहाला दहा मिनिटं कमी असताना फाटकावर हजर होता. अंगठ्याचं यंत्र नीट चालतंय का बघायला मीही आले होते. भट्टीपुढे राबून त्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र त्याला ओळखेना. तीन बोटं नाकारून चौथं घेतलं. आत जाताना त्यानं दोनदा मागे वळून रस्त्याकडे बघितलं. कुरणवाडीच्या बाजूला.

मंगळवारी नऊच्या सुमारास एक बाई फाटकावर आली. चाळिशीची, डोक्यावर पदर, चालून चालून चेहरा लाल झालेला. तिला तात्या हवे होते. तात्या नाहीत म्हटल्यावर तिला माझ्याकडे पाठवलं.

"मी मालन हसबे, कुरणवाडीची," ती म्हणाली. "सुखदेव भावजी आजारी हायत का वं? काल आलं न्हाईत. आज बी न्हाईत."

"ते कामावर आहेत. या आठवड्यात त्यांची पहिली पाळी आहे."

"पहिली?" तिला ते समजेना. "त्यांची दुसरी असती. मग आमच्याकडं कोण येनार?"

"तुमच्याकडे? कशासाठी?"

आता ती माझ्याकडे बघत राहिली. मला माहीत नाही हे तिला खरं वाटेना. "ह्यांचं करायला," ती म्हणाली. "मी ह्यांना न सांगता आलेय. लवकर गेलं पायजे."

मी कुणाचं काय करायला हे विचारलं नाही. साहेबांना तासाभरात येते म्हटलं, तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि कालव्याच्या रस्त्यानं कुरणवाडीला गेले. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "तेबी बॉयलरवरच हुते."

घरापुढच्या पडवीत एक माणूस बाजेवर बसला होता. काळा चष्मा. गालापासून मानेपर्यंत कातडी ओढल्यासारखी, भाजून बरी झालेली. हातात वस्तरा, गळ्यात टॉवेल, हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त. मालन "अगं बाई" म्हणून धावली, तर त्यानं हात वर करून तिला जागीच थांबवलं.

"संगं कोण हाय?"

"मी संघातून आलेय. हेमांगी शेटे."

"सुखदेवची पाळी कुणी बदलली?"

"मी. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये... मला माहीत नव्हतं."

त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि मांडीवर ठेवला. मी शिव्या खायची तयारी केली होती.

"कायमची बदलली का?"

"नाही. आठवड्याला फिरते. पुढच्या सोमवारी दुसरी येईल, तेव्हा ते सकाळी मोकळे असतील. मी काहीतरी करून..."

"म्हंजे पुढच्या सोमवारी यील तो?"

"येतील, बहुतेक."

"त्याला सांग, येऊ नको."

मालन तिथंच खाली बसली. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला त्यांचा राग आलाय का?"

"राग?" मालनचा नवरा, जालिंदर हसबे, म्हणाला. "नऊ वर्षं रोज सकाळी साडेसहाला तो यितो. आंघोळ घालतो, दाढी करतो, पेपर वाचून दावतो, हात धरून कालव्यापतूर नेतो आणि आणून बसवतो. एक दिस चुकला न्हाई. कसा राग यील? पण माझं डोळं गेलं, ताई, हात न्हाई गेलं. काल तो आला न्हाई. मी वाट बघितली आठ वाजेपतूर. मग ही पाणी आणायला गेल्यावर माझी मी आंघोळ केली. आज दाढी केली. कापलं. कापू दे."

"मग इतकी वर्षं तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"कसं सांगू?" त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्याच्या हातनं वाफ सुटली हुती. त्याला नको म्हणालो असतो, तर त्याला वाटलं असतं मी माफ केलं न्हाई."

परत येताना मी रस्ता चुकले. एकच सरळ रस्ता, कालव्याच्या कडेनं, तरी मी चुकले.

तात्या बुधवारी आले. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि जालिंदरचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "त्याला सांग, येऊ नको." त्यांनी रजिस्टर मिटलं. कार्यालयात आम्ही दोघंच होतो.

"कारण पायजे हुतं न्हवं तुला?" ते म्हणाले. "ऐक. त्या दिवशी सुखदेवची पहिली पाळी हुती. दुसऱ्या पाळीचा गडी आला न्हाई. बदली माणूस बघायचं काम माझं. मी बघितला न्हाई, आळस केला. सुखदेवला म्हणालो, थांब की तूच. त्याच्या घरी लहान पोर तापानं फणफणलेलं, रात्रभर जागलेला गडी. तरी थांबला, मी म्हणालो म्हणून. संध्याकाळी जालिंदर पायपाचं झाकण बसवत हुता. ते झालं असं समजून ह्यानं वाफ सोडली. झोपंत सोडल्यासारखी."

"चौकशी झाली नाही?"

"झाली की. अपघात म्हणून मिटली. ती जादा पाळी मी रजिस्टरात लिहिलीच न्हाई, ती कुणाला दिसणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "महिन्यानं सुखदेव आला. म्हणाला, तात्या, थोडे दिस मला सकाळी मोकळं ठेवा, जालिंदरकडं जायचंय. मी दुसरी लावली. थोडे दिस म्हणाला हुता. नंतर तो कधी म्हणाला न्हाई, आता बदला. मीबी विचारलं न्हाई. मला वाटायचं, ती पाळी मोडली तर सगळं परत उघडं पडंल."

दुपारी दोनला पहिली पाळी सुटल्यावर आम्ही सुखदेवला बोलावलं. तात्यांना बोलवेना, म्हणून मीच सांगितलं. जालिंदरनं स्वतः आंघोळ केली, दाढी केली, आणि आता येऊ नको म्हणालाय. रागानं नाही, हे मी तीनदा सांगितलं.

मला वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"मला वाटायचं तात्या पाळी बदलत न्हाईत, म्हंजे जालिंदरला मी लागत आसंल," तो म्हणाला. "सोमवारी पहिली पाळी करून घरी गेलो, तर संध्याकाळी पोरगी शाळेतनं आली. नववीत गेली. म्हणाली, आबा, तुम्ही या वेळंला घरात? मला तिची वेणी कुठल्या बाजूला असती तेबी ठाव न्हवतं." तो थांबला. "पण ताई, त्याला माझी गरज न्हवती, तर मी नऊ वर्षं काय केलं?"

मी तात्यांकडे बघितलं, तात्या खिडकीकडे. तात्या उठले आणि म्हणाले, "चूक माझी हुती सुखदेव. तुझी न्हवती. मी तुला थांबवलं." नऊ वर्षांत ते हे पहिल्यांदा बोलले असावेत. सुखदेवनं ऐकलं, मान हलवली आणि टोपी घालून गेला. त्यानं ते मान्य केलं की नाही, मला कळलं नाही.

पुढच्या सोमवारी त्याची दुसरी पाळी आली. तो कुरणवाडीला गेला नाही. तात्यांशी बोलला नाही, माझ्याशीही नाही. बॉयलरवरचे लोक माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी चांगल्या चाललेल्या गोष्टीत हात घातलाय. मलाही तसंच वाटायचं. मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, त्या गटात बाबरचं नाव मी काही समजून टाकलं नव्हतं. लाल ओळ जावी म्हणून टाकलं होतं. मग हे जे झालं ते बरं की वाईट, आणि त्यातलं माझं किती?

तात्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले असताना जालिंदर संघात आला. काठी टेकत, कालव्याच्या रस्त्यानं, दोन किलोमीटर. मालन वीस पावलं मागून येत होती. "बोलायचं न्हाई अशी ताकीद दिलीय," ती मला हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"तात्या, काम द्या," जालिंदर म्हणाला.

वाळवेकर साहेब बाहेर आले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण गोंधळले. "अहो हसबे, पण तुम्ही काय काम करणार?"

"दूध उतरवून घेतात तिथं झाकण उघडल्यावर आधी काय बघतात, साहेब?"

"वास," साहेब म्हणाले.

"मग डोळं कशाला लागतात?"

दूध उतरवायच्या धक्क्यावर सकाळच्या दुधाच्या शेवटच्या दहा किटल्या होत्या. एकेक झाकण उघडलं. जालिंदर वाकायचा, वास घ्यायचा, पुढे सरकायचा. चौथ्या किटलीशी म्हणाला, "म्हशीनं कांद्याची पात खाल्लीय." सातवीशी थांबला. पुन्हा वाकला. "हे आंबायला लागलंय. अजून जिभंला कळणार न्हाई." प्रयोगशाळेतल्या बाईंनी सातवीचा नमुना नेला आणि थोड्या वेळानं दारात येऊन नुसती मान डोलावली.

साहेबांनी आधी महिनाभर बघू म्हटलं. महिन्यानंतर मी त्याचं नाव यंत्रात घातलं. एकशे तेरावा कर्मचारी, पहिली पाळी, दूध स्वीकृती. तोवर तात्या निवृत्त झाले होते. जालिंदर कामावर कायम झाल्याचं सांगायला मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी सूनबाईंना माझ्यासाठी शिरा करायला सांगितला.

सुखदेव मात्र धक्क्याकडे फिरकत नव्हता. पहिली पाळी असली तरी मागच्या दारानं जायचा. पावसाळा गेला, दिवाळी आली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी धक्क्यावरचं अंगठ्याचं यंत्र बंद पडलं म्हणून मी सहाला धक्क्यापाशी होते. तिसरी पाळी सुटत होती. सुखदेव बाहेर पडला, नेहमीच्या वाटेनं निघाला आणि थांबला. मग किटल्यांमधून वाट काढत धक्क्यावर आला. जालिंदर झाकणावर हात ठेवून उभा होता.

"कोळसा," जालिंदर म्हणाला. "सुखदेव?"

"व्हय."

मागे ट्रकमधून किटल्या उतरत होत्या.

"तुझ्या शर्टाची गुंडी चुकलीय," सुखदेव म्हणाला.

"कुठली?"

सुखदेवचा हात वर आला होता. मी बघितलं, तो त्यानं मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी धरले.

"वरनं दुसरी."

जालिंदरनं चाचपत गुंडी काढली, खालचं काज शोधलं, पुन्हा लावली. वेळ लागला. सुखदेव तेवढा वेळ उभा राहिला.

"आता?"

"आता बरोबर," सुखदेव म्हणाला.